उरलेले चार किलो

माझा बाप तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलवर ताडपत्र्या शिवायचा.
दाभण, मेणदोरा, गुडघ्यावर रबराचा तुकडा.
कांद्याच्या गाडीचं माप डोळ्यांनी घ्यायचा
आणि चुकायचा नाही.
मी टेप लावतो, दोनदा लावतो,
तरी रात्री उठून वहीतले आकडे पाहतो.

रबाळ्याच्या गाळ्यासमोर गाडी आली ती आवाज न करता.
ग्राइंडर बंद करून मान वर केली तर उभीच,
पांढरी, विजेवरची, नंबरप्लेट हिरवी.
आधी वझे बाई उतरल्या, मागून वझे.
बाई म्हणाल्या, टपावरचा तंबू हवाय.
वझे म्हणाले, आधी वजन सांगा.

छत काचेचं. काचेवर काही टेकवायचं नाही,
सगळा भार दोन आडव्या दांड्यांवर.
गाडीचं पुस्तक उघडून मी बोट ठेवलं:
चालत्या गाडीला पंचाहत्तर किलो,
उभ्या गाडीला तीनशे.
“म्हणजे थांबलं की जास्त पेलतं?”
होय बाई. धावताना वळणं येतात, खड्डे येतात, ब्रेक लागतो.
थांबलेल्याचं ओझं सरळ जमिनीत उतरतं.
त्या नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत?”
ते मोबाईलवर भागाकार करत होते.

“चारशे जाणारी तीनशेचाळीसच जाईल,” ते म्हणाले.
खोटं नाही.
वारा टपावरच्या बोटाबोटाचा हिशेब मागतो.
म्हणून बुटका घ्या, पुढून निमुळता घ्या,
आणि दर रविवारी उतरवू म्हणाल
तर चार माणसं लागतात, आत्ताच सांगतो.

कापडी तंबू स्वस्त, अठ्ठेचाळीस किलो,
पण मिटला तरी फूटभर उंच.
शिवण माझ्या हातची. मला तोच विकायचा होता.
घणसोलीला त्यांच्या सोसायटीत तळघराच्या तोंडाशी
पिवळा-काळा आडवा दांडा, दोन मीटरवर.
आमची बेरीज दोन मीटर तीन सेंटिमीटर.
बाप असता तर म्हणाला असता,
टायरमधली हवा कमी कर.

मग पत्र्याच्या कवचाचा.
तो बासष्ट, दांड्या नऊ.
“उरले चार,” बाई म्हणाल्या. “चारात काय येतं?”
दोन उशा. एक रजई, पातळ.
“आणि शिडी?” वझ्यांनी विचारलं.
शिडी बासष्टातच धरलीय, साहेब.
तरी ते शिडीकडेच पाहत राहिले,
उजवा गुडघा चोळत.

गाळ्याबाहेर उघडून दाखवला.
झाकण उसासा टाकून वर गेलं.
बाईंनी चपला काढल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा,
आणि सात पायऱ्या चढून आत गेल्या.
एकतीस वर्षं तळमजल्यावर काढलीत त्यांनी,
खिडकीला गज, गजापलीकडे लोकांच्या स्कूटर.
हे त्यांनीच सांगितलं, मी माप घेत असताना.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.
पोरगा कटिंग घेऊन आला, त्यावर साय धरली.
“अगं, सुलक्षणा?”
“इथून पारसिकचा डोंगर दिसतो,” वरून आवाज आला,
“टॉवरच्या तारा दिसतात.
आणि तुमचं टक्कल.”

मी हसलो नाही. गिऱ्हाईक आहे.
वझे चपलांपाशी बराच वेळ उभे.
मग मला बाजूला घेऊन, हळूच,
“उभ्या गाडीला तीनशे म्हणालात ना?
माझे ब्याऐंशी.
तिचे विचारू नका.”

चढा म्हटलं. शिडी मी धरतो.

तिसऱ्या पायरीवर ते थांबले, श्वास घेतला,
वरून एक हात खाली आला, बांगड्यांसकट.

संध्याकाळी पावती केली. खाली पेनाने लिहिलं:
पायऱ्या रुंद करणे, रबर लावणे.
पैसे लावले नाहीत.
सहाशे ग्रॅम वाढले,
ते उरलेल्या चारातून वजा केले.